टेक्स्चरच्या आत काय ते पण छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत भिंतीच्या टेक्स्चरवर, म्हणजे प्लास्टरवर मारतात त्या जाड नक्षीदार थरावर, लेख होता, फोटो झकास, पण आतला गिलावा कसा पाहिजे त्यावर एक ओळ नाही म्हणून लिहितोय. आमच्या धायरीच्या सोसायटीत मागच्या मे महिन्यात जिन्याची बाहेरची भिंत नव्याने प्लास्टर केली आणि ठेकेदार म्हणाला पावसाच्या आत टेक्स्चर मारून टाकू, आम्हीपण माना डोलावल्या. आता सिमेंटचा गिलावा म्हणजे 7 दिवस तरी पाणी मारायला पाहिजे आणि रंग काय टेक्स्चर काय, साधारण 28 दिवस हात लावायचा नाही. आमचं सगळं मिळून दहा दिवसात उरकलं! दिवाळीत खालच्या दोन फुटात लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा खार, फुटला, बोट लावलं की पापुद्रा हातात.

कारागीर मात्र हुशार होता हं. फणीने उभ्या रेघा ओढत वरून खाली येत होता, एकदम सरळ. पण भिंत पश्चिमेची, दुपारी तीनचं ऊन, आणि निम्मी भिंत झाल्यावर चहाला खाली उतरला, परत परांचीवर चढेपर्यंत कडा सुकली होती, तिथूनच पुढे सुरू केलं. तो जोड अजून दिसतो, ऊन तिरपं आलं की तर रस्त्यावरून दिसतो. एक भिंत एका दमात, आणि ती सावलीत असताना, एवढं साधं.

सासऱ्यांच्या सहकारनगरच्या जुन्या घराला सँडफेस, म्हणजे वाळूचा दाणा दिसणारा गिलावा, आहे. गिलाव्याचा पहिला हात खरवडून ठेवायचा म्हणजे दुसरा धरतो, आणि दुसरा जरा आवळला की ओल्या स्पंजाने गोल फिरवून वाळू उघडी करायची, झालं टेक्स्चर, वेगळा डबा आणायलाच नको. शिवाय बारीक दाणा, धूळ कमी बसते. आमच्या रेघांमध्ये सिंहगड रोडची धूळ इतकी साचलीय की मूळ रंग कुठला ते सेक्रेटरींना बिल काढून बघावं लागलं.

आता सगळं खरवडून परत करतोय. आधी भिंतीला ओल देणारा गळका पाइप बदलला, नंतर प्लास्टर, टेक्स्चरचा नमुना प्लायच्या तुकड्यावर करून बघितला. चहा भिंत संपल्यावर मिळणार आहे.

– एक वाचक, धायरी, पुणे