तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मी बनवते ती सोसायट्यांची जानेवारी ते मार्चची देखभाल बिलं काल वाटून झाली. अकरा सोसायट्या, आणि एकाही बिलात व्याजाचा घोळ नाही. जिन्यात भेटलात तेव्हा तुम्ही "झाली का गं बिलं?" एवढंच विचारलंत. मी नुसती मान हलवली आणि घरात येऊन रडले. समोर बोलायला जमत नाही म्हणून लिहिते आहे. चारचौघांत लिहिते, कारण बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांची बिलांची फाइल तुम्ही पुन्हा चालती केलीत, ते गिरगावातल्या आपल्या चाळीपुरतं राहू नये.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. दिवाळी तोंडावर होती. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, त्यात विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणजे विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चढणार नाही. एका दुकानात मला सांगितलं, हा भंगारात द्या. मशीन देता आली असती, काका. पण तिच्यात बाबांची एक्सेल फाइल होती.

ती फाइल म्हणजे काय हे तुम्ही पहिल्याच संध्याकाळी ओळखलंत. थकबाकीवर सरळव्याज, तेही वर्षाला २१ टक्क्यांच्या वर न जाता. घर भाड्याने दिलेलं असेल तर बिनभोगवटा शुल्क, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे नाही. सिंकिंग फंड, दुरुस्ती फंड, पार्किंग, मागच्या तिमाहीत अर्धेच पैसे भरलेला सभासद. हे सगळं बाबांनी मॅक्रोमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आत आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, बसवलं होतं, रात्री जेवणं झाल्यावर, कित्येक वर्षं. बाबा गेल्यावर घर त्या फाइलीवर चाललं.

तुम्ही आधी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम घातलीत, जुन्या मशीनला झेपणारी हलकी, एक्सएफसीईवाली. चार जीबी रॅमवर मशीन अशी चालायला लागली की मला आधीची वर्षं वाया गेल्यासारखी वाटली. मग लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या फुकट ऑफिसमध्ये, फाइल उघडलीत. आकडे आले, सूत्रं आली, पण बिलं छापणाऱ्या मॅक्रोपाशी गाडी अडली. इथे दुसरं कुणीही म्हणालं असतं की नवी फाइल बनव, सवय होईल. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि विचारलंत, "बाबांची ऑफिसची सीडी आहे का? आणि तिच्यावरची परवान्याची की?" ती की असेल तरच पुढे जाऊ, असंही बजावलंत. ऑफिस २००७ चा खोका कपाटावर होता, बाबांनी पावतीसकट जपलेला.

व्हर्च्युअलबॉक्सचा, म्हणजे लिनक्सच्या आत अख्खं विंडोज चालवण्याचा, विचार तुम्हीच बाजूला ठेवलात. चार जीबीत दोन सिस्टिम नांदवायच्या, वर विंडोजचा परवाना वेगळा. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये बाबांसारखे व्हीबीए भाषेतले मॅक्रो चालतच नाहीत. राहिलं वाइन, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर.

वाइन काय करतं हे तुम्ही मला टेलिफोन खात्यातल्या माणसासारखं समजावलंत आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. एक्सेल प्रत्येक कामासाठी विंडोजला फोन लावतं: फाइल उघड, खिडकी काढ, प्रिंटरला पाठव. वाइन मध्ये बसून तोच फोन लिनक्सला जोडून देतं. पलीकडे कोण बोलतंय हे एक्सेलला कळत नाही. आत अख्खं विंडोज नसतंच, म्हणून तर जुन्या मशीनवर ते झेपतं. हे काम १९९३ मध्ये सुरू झालं, १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार ते सांभाळत आहेत आणि १.० आवृत्ती निघायला २००८ उजाडलं, हेही तुम्हीच सांगितलंत. पंधरा वर्षं! ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा माणसांनी इतकी वर्षं खपून केलेल्या कामावर माझ्या बाबांची फाइल चालते, हे मला अजून खरं वाटत नाही.

तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी इन्स्टॉलर मध्येच बंद पडला. तुम्ही चिडला नाहीत. ऑफिससाठी ३२ बिटचं वेगळं प्रिफिक्स, म्हणजे वाइनचा स्वतंत्र फोल्डर, केलंत, विनट्रिक्स या मदतनीस प्रोग्रामने ऑफिसला लागणाऱ्या डीएलएल फाइली घातल्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि प्रिंटरमधून पहिलं बिल बाहेर आलं, खाली बाबांनी लिहिलेली ओळ होती: "सहकार्याबद्दल धन्यवाद." तुम्ही तो कागद माझ्या हातात दिलात आणि काही न बोलता खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. त्याबद्दल वेगळे आभार.

मला सगळ्यांत जास्त पटलं ते तुमचं सावधपण. ऑफिस २००७ चे सुरक्षा अपडेट २०१७ मध्येच बंद झालेत, म्हणून मेलवर आलेली कुठलीही फाइल त्यात उघडायची नाही, फक्त आपल्या फाइली. वाइनमधल्या झेड ड्राइव्हमधून आख्खी डिस्क दिसते, तोही तुम्ही काढून टाकलात, कारण वाइन म्हणजे कुलूप नव्हे. प्रिफिक्सच्या पूर्ण फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर दिलीत. बिघडलं तर तेवढं परत ठेवायचं, तीन संध्याकाळी पुन्हा नकोत. पत्रं आणि सभेच्या नोटिसा मी आता लिबरऑफिसमध्येच करते. बाबांच्या जुन्या नोटिसांत नुसती चिन्हं दिसत होती, तुम्ही तो जुना मराठी फॉन्ट फोल्डरमध्ये टाकलात आणि अक्षरं उभी राहिली.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या बाबांनी आमच्या मुलाच्या सोसायटीतल्या फ्लॅटची थकबाकी एकदा रात्री बसून जुळवून दिली होती." मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी घरी कधी सांगितलं नाही.

तुम्ही आज्ञा लिहून दिलेली ती निळी वही अजून माझ्याकडे आहे. पाचव्या पानावर प्रिंटरचं जे लिहिलंय त्यातला एक शब्द लागत नाही. रविवारी वही घेऊन वर येते. आईने काकूंसाठी डिंकाचे लाडू केलेत, तेही आणते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची