रविवारच्या जाल्लोबद्दल आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक साडेसहाला आपण लुइजी बाझोनी यांचा १९७१चा 'जाल्लो' (खून-रहस्याचा इटालियन थरारपट) 'द फिफ्थ कॉर्ड' ब्लू-रेवर बघणार आहोत. ही डिस्क ॲरो व्हिडिओने २०१९मध्ये काढली. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून (चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्या फिल्मवरून) २के रिस्टोरेशन (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीची डिजिटल दुरुस्ती) केलेली प्रत आहे ती.

कथा तशी बेतास बात. दारूत बुडालेला पत्रकार (फ्रँको नीरो), एकामागून एक खून आणि संशयितांची भाऊगर्दी. आपण बघणार आहोत ते व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या छायाचित्रणासाठी. पुढे तीन ऑस्कर मिळवणाऱ्या या माणसाने काचा, जिने, खिडक्यांच्या पट्ट्या आणि अंधार यांतून भीती उभी केली आहे. काळोखातले असे बारकावे जुन्या, झिजलेल्या प्रतीत चिखलासारखे एक होऊन जातात. निगेटिव्हवरून केलेल्या कामाचं मोल तिथेच कळतं. संगीत एन्निओ मोरिकोने यांचं.

पडद्यावर बारीक रवा दिसेल. तो फिल्मचा 'ग्रेन' (फिल्मवरचे मूळ कण) आहे, बिघाड नव्हे. कृपया मागच्या वेळसारखं कोणी रिमोट घेऊन चित्र 'गुळगुळीत' करू नये! संवाद इटालियन, सबटायटल्स इंग्रजी. त्या काळी इटलीत आवाज बहुधा नंतर डब करत, त्यामुळे ओठ थोडे पुढेमागे हलतील.

खुनाची दृश्यं अंगावर येणारी आहेत, मुलांना आणू नये. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. खुर्च्या मोजक्याच आहेत. चहा आहे, खाऊ आपापला.