रविवार मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात लातूरला अकरावीत आहे, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करते. आम्ही ख्रिस्ती. तिच्या क्लासची साप्ताहिक चाचणी दर रविवारी सकाळी साडेसातला असते. तीन तास पेपर, मग त्याच पेपरची चर्चा. संध्याकाळी गुण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात आणि त्यावरून बॅच ठरते. एक चाचणी बुडाली की शून्य, दोन बुडाल्या की खालची बॅच. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, तिने चर्चमधल्या उपासनेला जाण्यासाठी सुट्टी मागितली. सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘देव काही पळून जात नाही, सीट जाते.’ रात्री फोनवर तिने मला हे सांगितले आणि विचारले, ‘आजोबा, खरंच तसं असतं का?’

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवले. अभ्यासाचे मोल मला कुणी सांगायला नको. लातूर पॅटर्नने शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची मुले डॉक्टर झाली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. नीटची मुख्य परीक्षा रविवारीच येते. २०२५ मध्ये ती ४ मे रोजी, रविवारीच झाली. वर्षातून एका रविवारबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार उरलेल्या एकावन्न रविवारांची आहे.

‘रविवार तुमचा, ख्रिस्ती लोकांचा, सगळ्यांनी का पाळायचा?’ असे मला एका पालकानेच विचारले. त्यांना मी नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. महात्मा फुल्यांचे हे सहकारी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीसाठी भांडले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवार सोडावा लागला. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे हा दिवस माळेगावच्या, अणदूरच्या खंडोबाच्या भक्तांचाही आहे. तो कुणी साहेबाने फुकट दिलेला नाही.

आणि विसावा ही काही परकी कल्पना नव्हे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा हळद आणि लोण्याने मळतात, त्याच्या कानाशी म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बायबलमधली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा मी लहानपणी पाठ केली तेव्हा मला हाच खांदा आठवला होता. कारण त्या आज्ञेत विसावा फक्त घरधन्याला नाही. मुलामुलींना आहे, गड्याला आहे, बैलाला आणि गाढवाला आहे, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही आहे. सोळा वर्षांच्या मुलीचा खांदा मळायला मात्र आपल्याला वेळ नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यातले १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक मृत्यूचे कारण क्लास आहे असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. पण ज्या मुलाला आठवड्यात एकही दिवस गुणांशिवाय कुणी भेटत नाही, त्याचे मन कुणाजवळ मोकळे व्हावे? आमच्या घरात रोज रात्री जेवणाआधी प्रार्थना होई. वडील प्रत्येकाचे नाव घेऊन देवाजवळ मागत. धाकट्याला ताप असो, माझी गणिताची भीती असो, सगळे त्या दहा मिनिटांत उघडे पडे. आई तिथेच ओळखायची, कुणाचे काय बिनसले आहे ते. आज माझा मुलगा चाकणला, सून जालन्यात दवाखान्यात पाळीवर, नात लातूरला. तिघांना एकत्र बोलायला मिळायचा तो फक्त रविवार.

यात आमचाही दोष आहे, तो लपवणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांना मोबाइल, व्यसन, पळून जाऊन केलेली लग्ने यांवर भरपूर उपदेश होतो. पण ‘बाळ, रात्री झोप येते का?’ असे विचारणारा विरळा. दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना श्रद्धेचे शिक्षण देणारा, चर्चचा वर्ग बुडवून मुलाला क्लासला पाठवणारे पालक पहिल्या बाकावर बसतात. पंधराव्या वर्षी लेकरू वसतिगृहात टाकायचे आणि वीसाव्या वर्षी ते आपले ऐकत नाही म्हणून पाळकांकडे रडायचे, हे आता थांबले पाहिजे. मूल वाढवणे हे आईबापाचे काम आहे. ते क्लासकडे किंवा चर्चकडे ठेक्याने देता येत नाही.

धर्मस्वातंत्र्य म्हटले की सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय येतो: धर्मांतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. आमिष दाखवून कुणाचा बाप्तिस्मा करणे हे आमच्याही दृष्टीने पाप आहे, हे मी इथे स्पष्ट लिहितो. पण घटनेच्या २५ व्या कलमातले ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ रोजच्या जगण्यातही असते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकले होते. त्यांच्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची शिकवण आम्हाला मान्य नाही. तरी त्या निकालाचा मला अभिमान वाटतो. खासगी क्लासवर २५ वे कलम थेट लागू होत नाही, हे मला कळते. पण त्यामागची माणुसकी तर लागू व्हावी! शुक्रवारी दुपारी नमाजाला अर्धा तास मागणाऱ्या मुलाला आणि १४ एप्रिलला घरी जाऊ पाहणाऱ्या मुलीलाही ती मिळाली पाहिजे. आमचा गुड फ्रायडे सरकारी सुट्टीचा. त्या दिवशीही क्लास भरला होता.

साप्ताहिक सुट्टीची ही मागणी नवीन नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना साप्ताहिक सुट्टी द्यावी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नये, दिवसाला पाच तासांहून जास्त वर्ग नकोत, सणांना मुले घरी जाऊ शकतील अशा सुट्ट्या ठेवाव्यात, असे त्यात लिहिले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी असे सांगितले. आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे: निदान रविवारी दुपारी बारापर्यंत एकही चाचणी, एकही वर्ग नको, एवढे आधी करा.

तोवर मी महिन्यातून एकदा शनिवारी एसटीने लातूरला जातो. रविवारी पहाटे साडेपाचला नात वसतिगृहाच्या फाटकाशी येते. शेजारच्या चहाच्या टपरीच्या बाकावर आम्ही एक स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो. गेल्या खेपेला तिच्या खोलीतल्या दोन मैत्रिणीही आल्या. एकीच्या घरी खंडोबाचे कुलाचार आहेत. तिने डोळे मिटले नाहीत, नुसती शेजारी बसली, आणि शेवटी म्हणाली, ‘आजोबा, माझं पण नाव घ्या ना.’ मी घेतले. सव्वासातला तिघी पेपरला गेल्या.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जि. जालना