मनीला, गौरी गेल्यावर

धायरी, पुणे
सर्वपित्री अमावास्या, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय मने,

मी बरी आहे. बीपीची गोळी चालू आहे, कंबर अधूनमधून धरते, विराजची सर्दी एकदाची गेली. तब्येतीचं एवढंच.

फोनवर बोलली असतीस की, असं म्हणशील. नाही बोलता येत. आमच्या दोन खोल्यांत विराजच्या कानाआड काही होत नाही आणि हे सगळं त्याच्याबद्दलच आहे. शिवाय तू मधेच "थांब, मीच बोलते त्यांच्याशी" म्हणतेस. या वेळी तुला मधे बोलता येऊ नये म्हणून कागद घेतलाय. पूर्ण वाच, मग काय ते बोल.

गौरींना कुरुंदवाडला गेलो होतो. तुला ते घर माहीत आहे, सोपाही माहीत आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. आवाहनाच्या दिवशी सकाळी जाऊबाई नेमक्या बाजूला बसल्या. घरात एकच धावपळ उडाली. आत्ती तर मामा गेल्यापासून कलशाला हात लावत नाहीत. माझं तुला ठाऊक आहे. राहिलं कोण? शेवटी शेजारच्या पाटलांच्या नव्या सुनेला बोलावलं. गोड पोरगी आहे, नाशिककडची. तिकडची रीत वेगळी, त्यामुळे नदीवरून कलशात पाणी आणि डहाळे आणायचे, उंबऱ्यावर पाय धुवायचे, कुंकवाच्या पावलांवरून आत यायचं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. मुखवटे आदल्या रात्री मीच पुसून ठेवले होते. साड्यांच्या निऱ्या मीच घालणार होते. भाजी-भाकरीचा नैवेद्यही माझ्याच हातचा. ती दारात आली आणि गोंधळून उभी राहिली, तेव्हा मी माजघराच्या दाराआडून सांगत होते, "उजवा पाय आधी टाक. आता थांब. आता म्हण, सोन्याच्या पावलांनी आले."

थाळी वाजवायचं काम विराजचं असतं. वाजवता वाजवता तो थांबला. म्हणाला, "आई आतून का सांगतीये? तिला सगळं येतंय तर तीच का आणत नाही?"

आत्ती म्हणाल्या, "सवाष्णीनं आणायची असते बाळा."

"म्हणजे?"

कोणीच काही बोललं नाही. मग त्यानं जे विचारलं ते जसंच्या तसं लिहिते. "जिजाऊसाहेब पण मग सवाष्ण नव्हत्या. शहाजीराजे १६६४ ला गेले आणि राज्याभिषेक १६७४ ला झाला. तेव्हा काय त्यांना दाराआड उभं केलं होतं?"

मने, सोप्यात दहा-बारा बायका होत्या. पाटलांची सून कलश घेऊन तशीच उभी. भावजी बाहेरून ओरडले, "ए, वाजव रे थाळी." त्यानं थाळी खाली ठेवली आणि तो परड्यात निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला त्यानं हात लावला नाही. पुरणपोळीला! जो पोरगा वर्षभर "गौरी जेवणाला किती दिवस राहिले" विचारतो आणि शंकरोबा आला की त्याच्या वाटणीची पोळीसुद्धा मागतो.

पुण्याला आल्यावर भावजींचा फोन आला. पोराला आवरा, चार लोकांत म्हातारीला बोलला, हे तुम्हीच शिकवलेलं दिसतंय. मी काही शिकवलेलं नाही गं. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकानं शिकवलं आणि त्यानंतर वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकानं. तो सनावळ्या अशा सांगतो जशा आपण होस्टेलच्या मेसचे वार सांगायचो.

आता तुला संदीपच्या दहाव्याचा दिवस आठवेल. तू त्या बाईंचा हात धरलास आणि म्हणालीस, "बांगड्यांना हात लावायचा नाही." बांगड्या राहिल्या. कुंकू गेलं. नंतर वर्षभर आपण नीट बोललो नाही आणि त्याचं कारण तू अजूनही चुकीचं समजतेस. तुझं खरं होतं हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तू रात्रीच्या गाडीत बसलीस, आणि सकाळी आत्तींसमोर चहाचा कप घेऊन मी उभी होते. माझं भांडण तेवढ्यावर होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. पुन्हा भांडायचं असेल तर दिवाळीनंतर ये, समोरासमोर भांडू. मिसळ मी खाऊ घालते, कट हवा तेवढा घे. गेल्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं तरी "अजिबात तिखट नाही" म्हणत होतीस. चेन्नईनं तुझी जीभ बिघडवली, हे मान्य कर.

संदीप जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात, २०२२ साली, हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी उतरवणं, बांगड्या फोडणं, सगळं बंद. आमच्याच शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडच्या जवळच. सरकारनंही लगेच परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. पेपरमध्ये ती बातमी मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. आत्तींना दाखवली तर म्हणाल्या, "ते हेरवाडचं. आपलं गाव आपल्या गावासारखं." ज्या गावात मशिदींमध्ये गणपती बसतो आणि सगळं गाव आरतीला जातं, त्या गावाला हे जमणार नाही असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

विराजच्या प्रश्नाचा मला राग नाही. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. एस.टी. जयसिंगपूरला आली की मी कपाळावरची टिकली काढून पर्समधल्या आरशाच्या मागे चिकटवते. परतताना तीच पुन्हा लावते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तर या वेळी जाताना मला डुलकी लागली होती आणि विराजनं हलवून उठवलं, "आई, जयसिंगपूर आलं." उतरायचं तर शिरोळच्याही पुढे. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तर तो माझ्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "नाही, ते."

इतकी वर्षं तो बघत होता आणि त्याला ते बॅग वरून काढण्यासारखं वाटत होतं, प्रवासातलं एक काम. त्यानंतर आवाहनाच्या दिवशी तो थाळी ठेवून निघून गेला. या दोन गोष्टींमध्ये त्याच्या डोक्यात काय झालं ते मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही.

आता तो म्हणतो दिवाळीला कुरुंदवाड नको. इथंच किल्ला करू. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. अकरा आपले आणि बारावा तुझ्या तमिळनाडूतला जिंजी. सगळी पोरं रायगड नाहीतर प्रतापगड करणार, म्हणून याला जिंजी करायचाय, तिन्ही टेकड्यांसकट. गॅलरीत माझी तुळस आणि वॉशिंग मशीन आहे, त्यांचं काय करायचं विचारलं तर म्हणाला, मशीन कृष्णगिरी होईल, वर पोतं टाकू. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लाल मातीचं पोतं आत्तापासून जिन्यात बघून मला दोनदा अडवलंय.

तसे आमचे दिवस छान जातात गं, तू काळजी करू नकोस. सकाळी डब्याला बटाट्याच्या काचऱ्या, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याचं. संध्याकाळी मी बँकेतून येईपर्यंत तो चहाचं आधण ठेवतो. आलं किसत नाही, ठेचतो, आणि वरवंटा असा आपटतो की काकू वर येतात. रविवारी पांढरा रस्सा मी करते, तांबडा तो "टेस्ट" करतो म्हणजे अर्धा संपवतो. वसुबारसेला शेजारच्या गोठ्यावर जाऊन शेण आणतो आणि पाडव्यासाठी पांडव घालतो. सोसायटीत कोणाला ते काय आहे कळत नाही, हा प्रत्येकाला थांबवून सांगतो. गेल्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक बघितली, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, मालकाच्या मोटारसायकलमागे पळणाऱ्या. तेव्हापासून पार्किंगमध्ये एक म्हैस मावते असं त्याचं म्हणणं आहे. मोजमाप केलंय त्यानं.

पण कुरुंदवाड सुटलं तर त्याच्यापाशी बापाचं काय राहील सांग. संदीपची सायकल तिथं आहे. चौकटीवर संदीपच्या उंचीच्या खुणा आहेत, दरवर्षी विराज तिथं पाठ लावून उभा राहतो आणि आत्ती पेन्सिलनं रेघ मारतात. भावजी मागून चालत आले की अजून माझ्या काळजात धस्स होतं, तीच चाल. हे सगळं मी त्याला पुण्यात कुठून देऊ? आणि नेलं, आणि पाडव्याला ओवाळणीच्या वेळी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले, आणि तो पुन्हा बोलला, तर? कोणीतरी त्याला असं काही ऐकवेल की ते तो जन्मभर विसरणार नाही.

आणि मने, यातलं सगळ्यात खरं आता लिहिते. मला गौर आणायची आहे. ठरावासाठी नाही, कोणाला धडा शिकवायला नाही. मला ती आवडते. तिचे तीन दिवस आवडतात, जागरणाचा झिम्मा आवडतो, सोळा भाज्या चिरताना चाललेल्या गप्पा आवडतात. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला आत्तींनी माझ्या हाताला धरून नदीवर नेलं होतं. कलश डोक्यावर कसा धरायचा, मागे वळून का बघायचं नाही, सगळं त्यांनीच शिकवलं. मला ती त्याच घरात आणायची आहे, आत्ती समोर असताना, त्यांनी पायांवर पाणी घालताना. इथं फ्लॅटमध्ये आणली तर कोण अडवणार आहे? पण मग ती माझी एकटीची होईल.

एक गोष्ट सांगायची राहिली. पूजनाच्या रात्री सगळे झोपल्यावर आत्ती विराजच्या अंथरुणापाशी येऊन बसल्या. त्यांना वाटलं मी झोपले. त्याला विचारत होत्या, "जिजाऊ खरंच होत्या का रे राज्याभिषेकाला?" तो रुसलेला, आधी बोलेना. मग म्हणाला, होत्या, त्यानंतर थोड्याच दिवसांनी वारल्या. आणि मग त्यानं ताराबाईंचं सांगितलं. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर गेले तेव्हा त्या पंचविशीच्या आणि मुलगा चार वर्षांचा, आणि तरी औरंगजेबाशी लढल्या. "कावळा नाक्यावर घोड्यावर आहेत बघ, त्या." आत्ती म्हणाल्या, "बघितलंय की. एस.टी.तनं." आणि बराच वेळ त्याच्या पायांवर हात फिरवत बसल्या.

मामांना जाऊन वीस वर्षं होत आली. तितकी वर्षं त्याही त्याच दाराआड उभ्या आहेत, हे माझ्या इतक्या दिवसांत कसं डोक्यात आलं नाही कोण जाणे. तुझ्याही आलं नव्हतं. तू तर त्यांना जल्लाद म्हणाली होतीस.

म्हणून मी असं ठरवतेय. दिवाळीआधी एका शनिवारी विराजला तुझ्या भावाकडे ठेवून एकटीच जायचं. टिकली न काढता. भावजी दुकानात असताना आत्तींशी बोलायचं, पुढच्या गौरीचं. त्यांनी नाही म्हटलं तरी दिवाळीला जायचं आणि विराजला आधी सगळं समजावून न्यायचं. त्यांनी हो म्हटलं तर पुढच्या वर्षी आम्ही दोघी कलश घेऊ. हे बरोबर आहे का ते मला तुझ्याकडून हवंय, कारण ते घर आतून बघितलेली माझ्या बाजूची तू एकटीच आहेस. पण तू येऊन बोलायचं नाहीस. फक्त मला लिहायचं.

तुझं नवं घर लागलं का? भाऊजींचं प्रमोशन झाल्याचं तुझ्या आईनं सांगितलं, अभिनंदन. सईच्या दहावीचं वर्ष, तिला ओरडू नकोस. तू दहावीला काय दिवे लावले होतेस ते माझ्याकडे पुराव्यासह आहे. तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का नाही, तेही लिही.

उद्या घट बसतात, परडीत माती भरायची आहे, थांबते. वाडीची कवठाची बर्फी आणून ठेवलीय, कोणी चेन्नईला जाणारं भेटलं की पाठवते.

तुझीच,
शुभा

ता. क. विराजचं वेगळं काम आहे. जिंजी तुझ्यापासून गाडीनं तीनेक तासांवर आहे म्हणतो, म्हणून मनीमावशीनं एक रविवार काढून जायचं आहे. त्याला हवे आहेत ते फोटो: राजगिरीचा वर जाणारा रस्ता, कल्याणमहाल चारी बाजूंनी, आणि तिन्ही टेकड्या एकाच फोटोत येतील अशी जागा. दिवाळीच्या आधी. गुडघ्याचं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, खालूनच काढ, पण काढ.