गिऱ्हाइकाला मोकळे सोडा, मुलींना बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशवारी करून आलेल्या एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात मागच्या आठवड्यात वाचले. तिकडच्या दुकानांत कोणी ढुंकूनही पाहत नाही, आपल्याकडे मात्र गिऱ्हाइकाची सरबराई होते, असा त्यांचा अभिप्राय. पत्र मनापासून लिहिलेले आहे, पण ते वाचून मला स्वस्थ बसवेना. म्हापशाच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात मी एकतीस वर्षे नोकरी केली. गेल्या वर्षी मुलीकडे जर्मनीत अडीच महिने राहून आलो. दोन्हीकडची दुकाने मी विकणाऱ्याच्या नजरेने पाहिली आहेत, आणि ही सरबराई कुठून येते ते मला ठाऊक आहे.

आधी याच महिन्यात घडलेली गोष्ट सांगतो. चवथीसाठी पत्नीला साडी घ्यायची म्हणून आम्ही दोघे पणजीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण तशी शोरूम आता जवळपास प्रत्येक शहरात आहेत. दार ढकलताच एक मुलगी पुढे आली. वीस-बावीस वर्षांची असेल. “काकी, कितें दाखोवं?” पत्नी म्हणाली, जरा बघते. ती बघू लागली आणि मुलगी तिच्या खांद्यामागे, वीतभर अंतरावर. पत्नीची नजर निळ्या साडीवर गेली की मुलीने ती ओढून उलगडलीच. पदराला हात लावला की किंमत, हात काढला की दुसरी साडी. पाच मिनिटांत आणखी एक मुलगी आली, मग एक मुलगा. खांबापाशी उभा असलेला मॅनेजर त्यांना नजरेने खुणावत होता, तेही मला दिसत होते. पत्नीला साडी घ्यायचीच होती, पैसे बरोबर होते, तरी ती रिकाम्या हाताने बाहेर पडली. फुटपाथवर आल्यावर म्हणाली, “मी काय पदराखाली घालून नेणार होते?” तिचा आवाज कापत होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कोणाची काडी उचललेली नाही.

मी छत्री विसरलो होतो म्हणून परत आत गेलो. जिन्याच्या कडेला मॅनेजर त्या मुलीला विचारत होता, “गिरायक रित्या हातान गेलें कशें?” ती खाली मान घालून उभी. तिने उजवा पाय चपलेतून काढून डाव्या पायाच्या पाठीवर ठेवला होता, आणि चपलेच्या पट्ट्याचा लाल वळ पावलावर उमटलेला मला स्पष्ट दिसला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मॅनेजर गेल्यावर मी तिला म्हटले, “बाये, थोडी बस तरी.” तिने वर छताकडे पाहिले आणि म्हणाली, “बसल्यार कॅमेऱ्यांत दिसता, काका.”

बिलाच्या चिठ्ठीवर विकणाऱ्याचा नंबर पडतो, महिन्याचे टार्गेट असते, ते भरले तर पगारावर काही मिळते, नाही भरले तर बोलणी खावी लागतात. हे सगळे मला तिला विचारावे लागले नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडेही हा प्रकार सुरू झाला होता. एकाच गिऱ्हाइकावर तिघे का तुटून पडतात, याचे उत्तर त्या चिठ्ठीवरच्या नंबरात आहे. मॅनेजरला वाटते, माग सोडला तर गिऱ्हाईक जाईल किंवा माल जाईल. या दोन भीतींच्या मध्ये ती मुलगी दिवसभर उभी असते.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या दुकानात गादी होती. पांढरी चादर, मागे तक्क्या, भिंतीला लागून थानांची कपाटे. मी गादीवर मांडी घालून बसायचो, गिऱ्हाईक समोरच्या बाकावर. शुक्रवारच्या बाजाराला पेडणे, डिचोली, सत्तरीकडून बाया यायच्या. डोक्यावरची पाटी खाली ठेवून, घोटभर पाणी पिऊन, मग खणाचे कापड मागायच्या. विकणारा बसलेला, घेणारा बसलेला, आणि कापड दोघांच्या मध्ये पसरलेले. पहिल्याच महिन्यात मालकांनी मला एक गोष्ट शिकवली. बाईमाणसाने पदर हातात घेतला आणि ती गप्प झाली, की आपणही गप्प व्हायचे. त्या वेळी तिच्या मनात लेकीचे लग्न असते, घरातली पुंजी असते, सासूला काय आवडेल ते असते. आपण मध्ये बोललो की तो धागा तुटतो. मी तीस-तीस थान उलगडले आहेत आणि गिऱ्हाईक काही न घेता उठले आहे. मालक फक्त म्हणायचे, “घडी घाल, परत येतील.” बहुतेक परत यायची.

आता जर्मनीविषयी. पहिल्या दिवशी मलाही त्या वाचकासारखेच वाटले. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची बाई खुर्चीवर बसून होती. सामान सरकवत होती, आणि पिशवी आपली आपणच भरायची. माझा हात सावकाश चालतो, मागच्या माणसाचे सामान येऊन थडकले, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तोंडभर हसणे नाही, विचारपूस नाही. “हालो” आणि शेवटी दिवस चांगला जावो, एवढेच.

मग एकदा मुलीबरोबर कापडाच्या दुकानात गेलो. तिने मला आधीच एक वाक्य शिकवून ठेवले होते, “इश शाउए नूर”, म्हणजे मी नुसते बघतोय. दुकानातल्या बाईंनी मदत हवी का विचारले, मी ते वाक्य म्हटले, त्या मान डोलावून आपल्या कामाला गेल्या. अर्धा तास मी लिननचे थान चाचपत होतो, कोणी फिरकले नाही. शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो, तर हातातले काम ठेवून त्या आल्या आणि धुतल्यावर कोणते कापड आटते, कोणते नाही, हे नीट समजावून सांगितले. मी स्वस्तातले उचलले होते, ते शर्टाला चालणार नाही हेही त्यांनीच सांगितले. विचारल्याशिवाय येणार नाहीत, पण विचारले तर पूर्ण वेळ तुमच्या. मला तर तो मानच वाटला.

मुलीने एक जुनी हकीकत सांगितली. वॉलमार्ट ही अमेरिकन कंपनी १९९७ मध्ये जर्मनीत आली आणि २००६ मध्ये सगळी दुकाने विकून निघून गेली. त्यामागे कारणे पुष्कळ होती, तिथल्या दुकानांची स्वस्ताई हे मोठे कारण. पण हसून स्वागत करायची, सामान पिशवीत भरून द्यायची अमेरिकन रीत तिथल्या लोकांना अवघड वाटली, असे त्या अपयशाबद्दल लिहिणारे बहुतेक जण सांगतात. अमेरिकेत जे अगत्य ठरते ते जर्मन माणसाला लगट वाटते.

परतीच्या आधी आठवडाभर लिस्बनला भाच्याकडे गेलो. आपल्या गोव्यातली बरीच कुटुंबे आता तिथे आहेत. रुआ दा कॉन्सेसांव नावाच्या रस्त्यावर बटणे, लेस, दोरा, फिती विकणारी जुनी दुकाने आहेत, ती पाहून माझे पाय निघेनात. लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत लहान लहान खण, आणि आत कोणते बटण आहे ते कळावे म्हणून खणाच्या तोंडाला तेच बटण लावलेले. आत शिरताना “बों दिया” म्हणायचे, जसे आपल्याकडची जुनी माणसे अजून म्हणतात. काउंटरवरचे गृहस्थ एका म्हातारीला कोटासाठी बटण जुळवून देत होते. एक बटण कापडावर ठेवायचे, उजेडात न्यायचे, परत ठेवायचे. तिचे होईपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही, आणि रांगेतल्या कोणाला त्याचे काही वाटले नाही. आमची पाळी आली तेव्हा आमच्याकडेही तसेच लक्ष. मी सहा बटणे घेतली, युरोभराचाही माल नसेल, पण वेळ मात्र त्यांनी पुरेपूर दिला.

त्याच शहरात जेवायला बसलो की मागवल्याशिवाय पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. मला वाटले पाहुणचार आहे. भाचा म्हणाला, “मामा, खाल्ले तर बिल लागेल, हात लावला नाही तर लावता येत नाही, कायदाच आहे.” शिवाय प्रत्येक दुकानात, हॉटेलात तक्रारवही ठेवणे सक्तीचे. मागितली की द्यावीच लागते. गिऱ्हाइकाचा मान तिथे असा कायद्यात लिहिलेला आहे.

जपानला माझा जावई कामानिमित्त जाऊन आला आहे. तिथे टिप कोणी घेत नाही, तरी दुकानात पाय ठेवला की स्वागताचा गजर होतो आणि महागड्या दुकानातून निघताना पिशवी दारापर्यंत आणून वाकून निरोप देतात. म्हणजे पगार आणि कमिशन यांवरच सगळे ठरते असेही नाही, रीतिरिवाज असतोच. पण तिथल्याही लोकांना त्याचा जाच होतो. अर्बन रिसर्च या कपड्यांच्या कंपनीने २०१७ मध्ये काही दुकानांत निळ्या पिशव्या ठेवल्या. ती पिशवी खांद्याला असली की त्या गिऱ्हाइकाशी आपणहून बोलायचे नाही. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे खर्च तरी किती येईल?

अमेरिकेत वेटर सारखा येऊन हवे-नको विचारतो, त्याचे कारण मात्र सरळ पोटाशी आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांनी ते वाढवले, बाकीच्या ठिकाणी घर चालते ते टिपवर. त्या वेटरमध्ये आणि पणजीतल्या त्या मुलीत मला फरक दिसत नाही.

म्हणून त्या वाचकांना माझे सांगणे आहे की आपल्या शोरूममध्ये जे चालते त्याला कृपा करून आपली संस्कृती म्हणू नका. आपली रीत गादीवरची होती, आणि तिथे दोघेही बसायचे.

केरळने २०१८ मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय दिली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. केरळात त्यासाठी साड्यांच्या, कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी आंदोलने केली, आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या कोळिकोडच्या विजी स्वतः शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. गोव्याच्या आमदारांनी हा विषय विधानसभेत घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक काउंटरमागे स्टूल असावे, गिऱ्हाईक नसताना त्यावर बसल्याबद्दल कोणाला बोलणे बसू नये, आणि ते स्टूल खरोखर आहे की नाही हे कामगार खात्याच्या माणसाने येऊन पाहावे.

व्यापारी बंधूंनाही विनंती आहे. मी तुमच्यातच आयुष्य काढले, तुमची काळजी मला कळते. भाडे वाढले, ऑनलाइनने गिऱ्हाईक ओढले, चोरीही होते. पण चवथीच्या या दिवसांत एक करून पाहा. नंबर एकेका मुलीचा न धरता सगळ्या काउंटरचा मिळून धरा आणि मिळेल ते सगळ्यांत वाटा. एकमेकींच्या अंगावरून गिऱ्हाईक ओढायची गरज त्यांना राहणार नाही. आणि बाईने पदर हातात घेतला की दोन पावले मागे व्हायला त्यांना शिकवा.

पत्नीची साडी अजून घ्यायची आहे. येत्या शनिवारी आम्ही त्याच शोरूममध्ये पुन्हा जाणार आहोत. मॅनेजरशी मी बोलणार आहे, आणि ती मुलगी काउंटरवर असली तर साडी तिच्याच नंबरावर घेणार आहे.

आपला,
कापड दुकानातला एक निवृत्त नोकर,
म्हापसा, बार्देश