छतावरच्या युनिटला घड्याळ लावू नका

संपादक महोदय,

जुलै 2025 पासून स्मार्ट (टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारे) मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत लागू झाली. दिवसा सौरवीज मुबलक असते, तेव्हाच ती वापरा, हे रास्तच आहे. वॉशिंग मशीन आम्ही दुपारी लावू. पण इलेक्ट्रिक गाडी दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते आणि घरी येते साडेसातला. तोवर छतावरचे सोलर झोपलेले!

साधा हिशेब मांडतो. 3 किलोवॉटचे सोलर महिन्याला सरासरी 350 युनिट देते, पावसाळ्यात बरेच कमी. घराला 200 युनिट लागतात. गाडी रोज 40 किलोमीटर धावली तर तिचे दीडशेच्या आसपास. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रीडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होते, म्हणून हा मेळ बसतो. उद्या दुपारचे युनिट दुपारच्याच वापरातून वजा करायचे ठरले, तर रात्रीचे चार्जिंग पूर्ण दराने, तेही वरच्या स्लॅबमध्ये. आणि दुपारची शिल्लक? ती 31 मार्चला नाममात्र भावात जमा.

ही भीती उगाच नाही. 2025 च्या सुरुवातीला वीजदराच्या सुनावणीत हा मुद्दा चांगलाच गाजला होता. शिवाय केंद्राच्या 2023 च्या नियमांत घरगुती ग्राहकांनाही कमाल मागणीच्या वेळी किमान 1.1 पट दराची तरतूद आहे.

संध्याकाळची वीज वीज कंपनीला महाग पडते, हे मान्य. पण सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान सरकारनेच देऊ केले आणि उरलेली रक्कम लोकांनी चालू नियमांच्या भरवशावर, अनेकांनी कर्ज काढून, घातली. खेळ अर्ध्यावर असताना नियम कसे बदलता?

वीज नियामक आयोगाने 10 किलोवॉटपर्यंतच्या घरगुती सोलरला, नेट मीटर बसल्यापासून किमान दहा वर्षे, युनिटला युनिट वजावटीची लेखी हमी द्यावी. आणि गाड्या दिवसा चार्ज व्हाव्यात असे खरोखर वाटत असेल, तर सरकारी कार्यालये आणि रेल्वे स्थानकांच्या वाहनतळांवर साधे, संथ चार्जर बसवा. दिवसा आमच्या गाड्या तिथेच उभ्या असतात.

– एक वीजग्राहक, कोथरूड, पुणे