दत्तक लेकरू जन्मगाव बघायला येतं तेव्हा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आमच्या शेजारी स्वीडनहून पाहुणे आले होते, त्यांची दत्तक मुलगी आपल्याच भागात जन्मलेली, आता शाळेत जाते, तिला तिचा देश दाखवायला आईवडील घेऊन आलेले. सिद्धेश्वर मंदिरात गेलो तर ती नुसती तिथल्या पोरींकडे बघत होती, सगळ्या माझ्यासारख्याच दिसतात म्हणाली, इतकी खूश. तेवढ्यात दोन बायका आल्या आणि तिच्यासमोरच सुरू, हिला कुठून आणलं, आईनं का टाकलं, एकीनं तर मोबाईल काढून व्हिडिओच चालू केला! पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मराठी येत नसलं तरी नजर कळतेच ना.

जन्मदात्यांचा शोध घ्यायचा तर कायद्यात सोय आहे. १८ च्या पुढची मुलं ‘कारा’कडे (दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) स्वतः अर्ज करू शकतात, त्याआतली दत्तक आईवडिलांसोबत, पण जन्मदात्या आईची प्रायव्हसी सुद्धा जपावी लागते आणि २०२२ च्या दत्तक नियमांनुसार तिसऱ्या माणसाला हा शोध घ्यायची परवानगीच नाही. म्हणून ‘मी शोधून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी कुणी लागू नका आणि फोटो तर व्हॉट्सॲपवर अजिबात फिरवू नका, त्या जन्मदात्या आईचा आज कुठंतरी संसार असेल, एका फॉरवर्डनं तो मोडू शकतो.

दत्तक देणाऱ्या संस्थांनी जुन्या फायली स्कॅन करून ठेवाव्यात ही कळकळीची विनंती, मुलं वीस-पंचवीस वर्षांनी येतात आणि दाखल केल्याच्या नोंदीचा एक कागद सुद्धा त्यांना लाखमोलाचा असतो. आणि पेपरवाल्यांनी पण अशा भेटींच्या बातमीत मुलांचं नाव, फोटो छापू नये.

– एक वाचक, सोलापूर